गोळे वर येईपर्यंत

आईच्या हातच्या चवीला जगात तोड नाही; माणूस पृथ्वीच्या टोकाला गेला तरी ती चव त्याला हाक मारत राहते. हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. ते कर्जतला वकिली करत आणि तिथल्या वाचनालयाचे अध्यक्ष असल्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे बोलत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एका शिक्षकांच्या निरोपाला ऐकलं, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ऐकलं आणि पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनालाही ऐकलं. गिरणीच्या वेळी ते त्यातल्या त्यात विषयाला धरून होतं. वाक्य म्हणताना ते डोळे मिटून घेत. त्यांची आई ते रांगत असतानाच वारली होती आणि त्यांचं सगळं लहानपण आजोळच्या आचाऱ्याच्या हातचं खाण्यात गेलं होतं, पण भाषणात ते येत नसे.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. खोपोलीकडच्या एका कारखान्यात स्वीडनहून मोठं यंत्र आलं होतं आणि ते बसवायला यंत्रामागोमाग एक इंजिनिअर आला होता. यंत्र वेळेवर आलं. त्याचा पाया वेळेवर झाला नव्हता. भर पावसाळ्यात सिमेंट सुकायची वाट बघत तो बापडा कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये बसून असे आणि अगदीच कंटाळा आला की मुंबईला जाऊन येई. येताना खोपोलीच्या गाडीसाठी कर्जतला उतरून थांबावं लागे.

सासरे रोज संध्याकाळी स्टेशनवर जात. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, तेवढा वेळ फलाटावर ओळखीचं कुणी ना कुणी भेटतं. त्या दिवशी तिथे हा उंच, पापण्यांपर्यंत पांढुरका माणूस हातातल्या बटाटेवड्याकडे टक लावून बघत उभा होता. सासऱ्यांनी इंग्रजीत विचारलं, काही बिघडलं आहे का. तो म्हणाला, "नाही. आमच्याकडेही असा बटाट्याचा गोळा असतो, आत सारण घालून. फक्त तळत नाहीत, पाण्यात उकळतात. माझी आई करते."

सासऱ्यांनी शेवटचे तीन शब्द ऐकले आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "येत्या रविवारी एक परदेशी पाहुणे जेवायला आहेत. त्यांच्या आईच्या हातचे गोळे तू करायचेस."

"त्यांच्या आईच्या हातचे मी कसे करू?"

"भावना समजून घे गं."

"भावना समजली. गोळे कसले?"

हे सासऱ्यांना माहीत नव्हतं. म्हणून बुधवारी पाहुण्यांना पदार्थ समजावून सांगण्यापुरतं चहाला बोलावण्यात आलं. दरम्यान मी वाचनालयात स्वीडनबद्दल काय मिळतं ते पाहिलं. लोखंड, लाकूड, काडेपेट्या आणि सहा महिने रात्र. स्वयंपाकाबद्दल अक्षरही नव्हतं.

पाहुणे आमच्या स्वयंपाकघरात मान तिरकी करून उभे राहिले, कारण सरळ ठेवली तर वरच्या फळीला लागत होती. त्या पदार्थाचं नाव क्रोप्काकोर असं काहीसं होतं. आम्ही पहिल्या दिवसापासून गोळेच म्हणालो. बटाटे उकडून गार करायचे, किसायचे, थोडं पीठ, अंडं, मीठ घालून मळायचे. मुठीएवढा गोळा घेऊन त्यात खळगा करायचा, सारण भरायचं, बंद करायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचा. हे सगळं ते हातांनी हवेत करून दाखवत होते आणि सासूबाई त्यांच्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघत होत्या. सासरे भाषांतर करत होते. पाहुण्यांचं एक वाक्य मराठीत येताना चार वाक्यांचं होई.

"आत काय?" सासूबाईंनी विचारलं.

पाहुण्यांनी सांगितलं. भाषांतर थांबलं.

"अहो, आत काय म्हणाले ते?"

"कांदा," सासरे म्हणाले.

"कांदा आणि?"

"आणि... तिकडे थंडी फार असते. त्या हवामानाला अनुसरून."

"डुकराचं मांस, आई," मी म्हटलं.

सासूबाई जराही हलल्या नाहीत. "कांदा ठेवू," त्या म्हणाल्या. "बाकीचं माझं मी बघते."

बाकीचं म्हणजे सोडे, हे मला तेव्हाच कळलं. आमच्याकडे मासे सगळ्यांना प्रिय, आणि पावसात ताजी मासळी बंद झाली की डब्यातली सुकवलेली कोलंबी, म्हणजे सोडे, घराचा कारभार हाती घेत. वांग्यात सोडे, वालात सोडे, खिचडीत सोडे. इंग्रजी शिकवणारीच्या भाषेत सांगायचं तर सोडे हे आमच्या घरचं सर्वनाम होतं; कुठल्याही नामाच्या जागी चालत. दाराशी सुकट विकायला येणारी बाई कधी विचारी, "काय बाय, भाजी काय हाय आज?" आणि सासूबाईंनी काहीही सांगितलं तरी म्हणे, "मंग त्यात सोडे पायजेतच." याबाबतीत त्या दोघींचं कधी भांडण झालं नाही.

गोळ्यांबरोबर तिकडे रानातल्या छोट्या, लाल, आंबट फळांचा मुरंबा खातात, असंही पाहुण्यांनी सांगितलं. सासूबाईंनी फळीवरून करवंदांच्या मुरंब्याची बरणी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चमचाभर चाखला आणि बराच वेळ मान डोलावली.

"करवंदंच ती," सासूबाई मला म्हणाल्या. "थंडीमुळे लाल राहत असतील."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. निघताना पाहुणे दारात थांबले. "एक विनंती आहे. गोळे आधी पाण्याच्या तळाशी जातात. शिजले की आपोआप वर येतात. लहानपणी आम्ही भावंडं चुलीपाशी उभं राहून त्यांची वाट बघायचो. रविवारी मी इथे उभा राहिलो तर चालेल?"

सासऱ्यांना गहिवरून आलं. सासूबाईंचा चेहरा मात्र पहिल्यांदाच उतरला.

त्याचं कारण सांगायला हवं. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. आमच्या आळीत भाद्रपद लागला की घराघरांतून सासूबाईंना बोलावणं येई, कारण त्यांच्या हातचा उकडीचा मोदक फुटत नाही अशी त्यांची ख्याती होती. माणसाची ओळख आडनावाने करून देतात तशी त्यांची या एका गोष्टीने करून देत. नातेवाईक स्थळ बघायला आले तरी, "या कोण माहीत आहे का? यांचा मोदक फुटत नाही." समोरच्या घरातल्या काकूंचे मोदक दरवर्षी फुटत. काकू त्याचा दोष तांदळाला देत आणि सासूबाईंकडून एखादा तरी फुटण्याची वाट बघत. आणि आता हा गोरा सांगत होता की भरलेला गोळा झाकणाशिवाय, वाफेवाचून, थेट खळखळत्या पाण्यात सोडा, आणि मी बघत उभा राहतो.

"उघड्या पाण्यात," सासूबाई दिवसभर पुटपुटत होत्या. "म्हणजे अंघोळच घालायची की."

त्यातच सासऱ्यांनी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. समोरचे काका मंडळात होते. त्यामुळे काकू मदतीला येणार हे ठरलं.

"गोरा येतोय त्याचं मला काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "ही येऊन पातेल्यात डोकावणार. एक जरी उकलला ना, तर यंदा आळीतले मोदक हिच्या हातचे."

गुरुवारी त्यांनी पहिल्यांदा करून बघितले. तळेगावचे बटाटे, पाहुण्यांनी सांगितलं तेवढंच पीठ, आत कांद्यावर परतलेले सोडे. गोळे पाण्यात सोडले आणि जरा वेळाने पाहिलं तर पातेल्यात गोळे नव्हते. दाटसर पांढरं पाणी होतं आणि त्यात सोडे मोकळेपणाने फिरत होते. सासूबाईंनी त्यात दोन आमसुलं टाकली, लसणीची फोडणी दिली आणि आम्ही ते भाताबरोबर जेवलो.

"आमटी आज वेगळी लागतेय," सासरे म्हणाले.

"स्वीडनची आहे," सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी माझ्यामार्फत वाटाघाटी करून पाहिल्या. "त्याला सांग, वाफेवर करते. खाताना काय फरक पडतो?"

"त्यांना वर येताना बघायचेत, आई. वाफेवर झाकण असतं."

"मग झाकण बघावं."

पण यजमानीण म्हणून पाहुण्याचं मन मोडणं त्यांना जमेना. शनिवारी दुपारी त्यांनी आपला मार्ग काढला. गव्हाचं पीठ त्यांनी बाजूला सारलं, तांदळाच्या पिठीची कडक उकड काढली आणि ती बटाट्यात जवळजवळ बरोबरीने मळली. नुसती मळली नाही, तळहाताच्या टाचेने अशी रगडली की पाटा हलत होता. एक गोळा केला, पाण्यात सोडला आणि वर झाकण ठेवून खाली बसल्या. मोदक ठेवल्यावर झाकण मध्ये उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी पाण्याच्या गोळ्यालाही लावला. वेळ झाल्यावर झाकण काढून गोळा ताटलीत घेतला. तो ताटलीत पडला तेव्हा आवाज झाला. पण त्याला भेग नव्हती, चीर नव्हती.

"फुटला नाही," सासूबाई म्हणाल्या आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पदराने तोंड पुसलं.

"वर आला होता का?"

"झाकण होतं ना."

हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही.

रविवारी सकाळी त्या गोळे वळायला बसल्या आणि नवीच अडचण निघाली. सारण भरून पारी बंद करायची म्हटली की त्यांची बोटं आपसूक कळ्या पाडत आणि टोक काढत. ताटात ओळीने मोदक दिसू लागले, प्रत्येकाला नाक असलेले. सासरे बघायला आले आणि दचकले.

"अगं, गोल हवेत. स्वीडनमध्ये नाक नसतं."

"नाक म्हणजे बंद केल्याची खूण. नाक नाही तर मला कसं कळणार बंद झाला ते?"

"पाहुण्यांना वाटेल आपण त्यांचा पदार्थ आपल्या नावावर केला."

सासूबाईंनी एकेकाचं नाक पिरगाळून दाबलं. ते करताना त्या सासऱ्यांकडे बघत होत्या.

संध्याकाळी मंडळी जमली. बाहेरच्या खोलीत वाचनालयातून आणलेली हातांची खुर्ची होती आणि भिंतीवर स्वीडनचा झेंडा होता. निळा घोटीव कागद मिळाला होता, पिवळा मिळाला नव्हता, म्हणून मधला क्रॉस पांढऱ्या कागदावर हळद फासून केला होता. पावसाळी हवेने हळद निळ्यात उतरून स्वीडनचा बराच भाग हिरवा झाला होता. पाहुणे झेंड्यापुढे क्षणभर उभे राहिले आणि कुठल्या देशाचा असावा याचा विचार करून, मला वाटतं, गप्प बसले.

मग सगळे स्वयंपाकघरात. चुलीवर मोठं पातेलं, भोवती पाहुणे, कार्यकारी मंडळ, काकू आणि मी. सासूबाईंनी गोळे एकेक करून सोडले. ते बुडबुड न करता सरळ तळाशी गेले. पाहुणे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. सासऱ्यांनी घसा साफ केला. आईच्या हातच्या चवीला जगात तोड नाही, ते म्हणाले, आणि तिथून पुढे पृथ्वीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. गोळे तळाशी होते.

"आच कमी असेल," मंडळाचे चिटणीस म्हणाले. आच वाढवली.

"वेळ लागायचाच," खजिनदार म्हणाले. "लांबून आलेत."

सासऱ्यांनी कृषिसंस्कृतीवर थोडं बोलून घेतलं. पाणी खळखळत होतं, गोळे जागचे हलत नव्हते. मी पाहुण्यांना हळूच विचारलं, साधारण कधी येतात. "एव्हाना," ते म्हणाले.

काकूंनी पातेल्यावर मान वाकवली. "वहिनी, बसले वाटतं."

"बसू दे की," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे आहेत."

पण त्यांच्या कपाळावरचा घाम चुलीचा नव्हता. सासऱ्यांचं भाषणसुद्धा संपलं, म्हणजे वेळ खरोखरच आली होती. सासूबाईंनी झारा उचलला, पातेल्याच्या बुडाशी घातला, जोर लावून एक गोळा सोडवला आणि पाण्याच्या वर धरला.

"हा बघा," त्या पाहुण्यांना मराठीतच म्हणाल्या. "आला वर."

पाहुण्यांनी गोळ्याकडे पाहिलं, झाऱ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि ते इतक्या मोठ्याने हसले की त्यांचं डोकं अखेर फळीवर आपटलं. मग खजिनदार हसले, मग सगळे. एकेक गोळा सासूबाईंनी याच पद्धतीने वर आणला आणि प्रत्येक वेळी मंडळाने "आला, आला" केलं.

खायला ते कठीण गेले. वर साजूक तुपाची धार होती, बाजूला करवंदांचा मुरंबा होता, पण मधला ऐवज तोच होता. चिटणिसांनी अर्धा खाऊन उरलेला भाताखाली ठेवला. पाहुण्यांनी दोन संपवले आणि मला इंग्रजीत म्हणाले, "फार भक्कम."

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"ते म्हणाले, आईची आठवण झाली," सासरे म्हणाले.

सासूबाई सासऱ्यांकडे बघतच नव्हत्या. त्यांनी पाहुण्यांना खाताना पाहिलं होतं. कागदावर सही करावी तसं ते खात होते. मागाहून भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "त्याला काही ते ओळखीचे लागले नाहीत."

"पण फुटले नाहीत ना, आई."

"फुटले नाहीत. पण बुडाले. आणि समोरचीने पाहिलंय."

सोमवारी सकाळी पाहुणे विसरलेला रेनकोट न्यायला आले. सासरे कोर्टात गेले होते. सासूबाई उरलेल्या गोळ्यांचे काप करून तव्यावर लोण्यात परतत होत्या, कारण तेवढे बटाटे टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. पाहुण्यांनी वास घेतला आणि न विचारता आत आले. सासूबाईंनी पाटाकडे बोट दाखवलं. पाहुण्यांनी उभ्यानेच खाल्लं, ताटली पुढे केली, परत खाल्लं.

"हे आजीकडे मिळायचं," ते म्हणाले. "आम्ही जायचो ते दुसऱ्या दिवशी, तेव्हा असेच काप. आमच्या घरी दुसऱ्या दिवसापर्यंत काही उरत नसे."

"सगळे संपायचे?" मी विचारलं.

"सगळे फुटायचे." ते अगदी सहज बोलले. "आईला ते कधी जमले नाहीत. आजी म्हणायची, शिजले की वर येतात. म्हणून आम्ही भावंडं दर वेळी चुलीपाशी उभी राहायचो, आज तरी एखादा येतो का बघायला. शेवटी आई पातेल्यात डाव फिरवायची आणि सांगायची की आज सूप आहे. मला वाटलं, इथे तरी वर आलेला बघायला मिळेल."

मी हे सासूबाईंना सांगितलं. काही न सजवता, शब्दाला शब्द. त्यांचा उलथणं धरलेला हात थांबला.

"सगळे?" त्यांनी विचारलं. "नीट विचार त्याला. सगळे फुटायचे?"

मी विचारलं. "सगळे," पाहुणे म्हणाले.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मग मी पाहुण्यांना गुरुवारच्या आमटीबद्दल सांगितलं. ते एकदम सरळ झाले, फळीच्या बेताने. "तेच," ते म्हणाले. "तेच तर आमच्याकडे असायचं. ते पुन्हा करता येईल का?"

सासूबाईंनी विनंती ऐकून घेतली आणि मान हलवली. "त्याला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस. पण मी जाणूनबुजून फोडणार नाही. गणपती तोंडावर आलेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आईला म्हणावं, पीठ वाढव."

रविवारची बातमी समोरच्या घरातून अर्थातच सगळ्या आळीत गेली होती. गणपतीच्या आदल्या दिवशी पहिल्या घरचं बोलावणं आलं तेव्हा सासूबाई तिथे जाऊन उकड मळायला बसल्या. काकूही होत्या, नारळ खवत. चार बायका जमल्या आहेत असं बघून काकू, स्वतः पातेल्यात डोकावून आल्या होत्या तरी, म्हणाल्या, "काय हो वहिनी, त्या गोऱ्याचे गोळे फुटले म्हणे?"

सासूबाईंनी पारीवरची बोटं न थांबवता उत्तर दिलं. "माझे बुडाले. फुटायचे ते त्याच्या आईचे."

बायकांनी आधी ही आई कोण ते विचारलं, मग ती पीठ किती घालते, बटाटे गार होऊ देते की नाही, असं सगळं. सासूबाईंनी माहिती होती ती आणि नव्हती ती, दोन्ही सांगितली. त्या दिवसापासून आमच्या आळीत कुणाचा मोदक उकलला की "स्वीडन झालं" असं म्हणू लागले. बोलावणी नेहमीइतकीच आली. पुढेही येत राहिली. थंडीच्या सुरुवातीला पाया एकदाचा सुकला, यंत्र बसलं आणि पाहुणे गेले.

त्या वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सासरे बोलायला उभे राहिले. आईच्या हातच्या चवीला जगात तोड नाही, त्यांनी सुरुवात केली, आणि डोळे मिटून सांगितलं की दूर उत्तरेकडच्या एका हिमाच्छादित गावी एक माउली चुलीपाशी उभी आहे, तिच्या हातची चव तिच्या लेकाला कर्जतपर्यंत हाक मारत आली, त्या हातांना आपण वंदन करू या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी त्यांना आठवण करून दिली.

"भाषणात तपशील नसतो," ते म्हणाले.

त्या माउलीच्या हातचे गोळे दर वेळी फुटत.